शब्दक्रमाचा अभ्यास सुरू करताना : ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

ठाण्याहून वाशीला जाणारी गाडी दिघा गाव सोडते आणि डब्यात एकच गोष्ट तीनदा ऐकू येते. ‘पुढील स्टेशन ऐरोली’, ‘अगला स्टेशन ऐरोली’, ‘नेक्स्ट स्टेशन ऐरोली’. भाषाशास्त्राची ओळख करून घ्यायला माझ्याकडे जी मुलं येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी हीच घोषणा वहीत लिहून आणायला सांगते. तिन्ही भाषांत विशेषण आधी, नाम नंतर. मग मी विचारते, मराठी-हिंदीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते मधे येतं. मग विशेषणाची जागा का नाही बदलली?

बहुतेकांना वाटतं, की वाक्यातला एक क्रम बदलला की बाकीचे आपोआप बदलत असणार. भाषाशास्त्रातही बराच काळ असं मानलं जात होतं, की क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा विशेषण नामाच्या आधी ठेवते. मॅथ्यू ड्रायर यांनी १९८८मध्ये शेकडो भाषा तपासून दाखवलं, की या दोन क्रमांचा एकमेकांशी संबंध नाही. उलट शब्दयोगी अव्ययाची जागा मात्र क्रियापदाच्या जागेशी घट्ट बांधलेली असते. कुठले क्रम हातात हात घालून चालतात, कुठले नाहीत आणि असं का, हा या विषयाचा गाभा. ‘मराठी कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाची भाषा आहे’ हे आपण शाळेतच शिकतो. तिथे थांबलात तर अभ्यास सुरूच झाला नाही, असं समजा.

त्यासाठी दहा भाषा यायला हव्यात असं मुळीच नाही. एक वही, आवाज मुद्रित करणारा फोन आणि स्वतःची बोली एवढं पुरतं. आणि आपण राहतो तिथे एका सोसायटीच्या एका मजल्यावर चार भाषा सहज सापडतात, हा फायदा फार थोड्या अभ्यासकांच्या वाट्याला येतो.

आधी एकच वाक्य

सुरुवात एका वाक्यापासून करा आणि त्या वाक्यावर दोन दिवस घालवा. मी नेहमी हे घेते : ‘आजीने कैरी चिरली.’ करणारी व्यक्ती नामाने सांगितली आहे, जिच्यावर क्रिया झाली ती वस्तूही नामाने सांगितली आहे, आणि घटना स्वच्छ आहे. ‘तिने ती चिरली’ असं सर्वनामांचं वाक्य घेऊ नका. पुष्कळ भाषांत सर्वनामं नामांपेक्षा वेगळ्या जागी बसतात, फ्रेंच हे त्याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण.

आता हे तीन शब्द सहा प्रकारांनी मांडा आणि प्रत्येकासमोर लिहा, की हे वाक्य घरात कोण, कधी, कशाच्या उत्तरादाखल म्हणेल. ‘काय झालं?’ असं कोणी विचारलं तर ‘आजीने कैरी चिरली’. ‘कैरी कोणी चिरली?’ याला उत्तर ‘कैरी आजीने चिरली’. ‘अजून कैरी चिरायचीच आहे का?’ असं आतून कोणी ओरडलं तर ‘चिरली आजीने कैरी!’ आणि ‘कैरी चिरली आजीने, नाव झालं आत्याचं’ हे तर प्रत्येक घरात कधी ना कधी कोणी म्हटलेलं असतं. सहाही क्रम व्याकरणशुद्ध आहेत, पण सहाही एकाच प्रश्नाला उत्तर म्हणून चालत नाहीत. ज्यावर भर द्यायचा तो शब्द मराठीत बहुधा क्रियापदाच्या अगदी लगत आधी येऊन बसतो, ‘कोण’, ‘काय’, ‘कुठे’ हे प्रश्नार्थक शब्दही तिथेच येतात. हे कुठल्या पुस्तकातून पाठ करू नका. सहा वाक्यं घरातल्या माणसांना ऐकवा, ते आपणहून सांगतील.

मग मूळ क्रम कुठला? ज्यात कशावरच भर नाही तो, म्हणजे ‘काय झालं?’ला मिळणारा. याखेरीज एक पक्की कसोटी आहे. ‘दगड नारळ फोडतो’ हे वाक्य म्हणा, आणि मग ‘नारळ दगड फोडतो’ म्हणा. दोन्ही नामं पुल्लिंगी, एकवचनी, दोघांनाही प्रत्यय नाही, क्रियापदाचं रूपही तेच. कोण फोडतो हे ठरवायला आता क्रमाशिवाय दुसरं काहीच उरत नाही, आणि ऐकणारा दचकून विचारतो, ‘नारळ दगड फोडतो? असं कसं?’ म्हणजे पहिलं नाम करणाऱ्याचं, हे त्याच्या कानात पक्कं बसलेलं आहे. ‘आजीने’मधला ‘ने’ आणि ‘चिरली’मधली ‘ई’ आपल्याला क्रम मोडायची मोकळीक देतात, आणि ते आधार काढून घेतले की क्रम ताठ उभा राहतो. नवीन भाषा हाताळताना मी सर्वांत आधी अशी जोडी शोधते.

तीन ओळींत लिहायची सवय

वाक्य नुसतं लिहून ठेवलं तर दुसऱ्या भाषेशी त्याची तुलना करता येत नाही. म्हणून तीन ओळी. पहिल्या ओळीत बोललं तसं वाक्य, दुसऱ्या ओळीत प्रत्यय तोडून आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याचं काम, तिसऱ्या ओळीत सरळ अर्थ. जगभर यासाठी लाइपझिगमध्ये तयार झालेले नियम वापरतात, पण सुरुवातीला आपल्या शाळेतली परिभाषा छान चालते :

आजीने कैरी चिरली
आजी-ने (करणारी) | कैरी (स्त्रीलिंगी, एकवचन) | चिर-ल-ई (क्रिया-भूतकाळ-स्त्रीलिंगी एकवचन)
आजीने कैरी कापून तिच्या फोडी केल्या.

असं तोडल्यावर दिसतं, की ‘ई’ आजीची नाही, कैरीची आहे. कैरीच्या जागी कांदा ठेवा : ‘आजीने कांदा चिरला’. आजी तीच, क्रियापद बदललं. शाळेत याला आपण कर्मणी प्रयोग म्हणालो आणि पुढे गेलो. तुलना करताना मात्र इथे थांबावं लागतं, कारण ‘कर्ता म्हणजे ज्याच्याप्रमाणे क्रियापद बदलतं तो’ ही व्याख्या घेतली तर इथे कैरीच कर्ता ठरेल. म्हणून जगातल्या भाषांची तुलना करणारे लोक कर्ता-कर्म अर्थावरून ठरवतात : करणारा कोण, क्रिया कोणावर झाली. तुम्हीही वहीच्या पहिल्या पानावर स्वतःची व्याख्या लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

याच सोबत शेजारच्या भाषेतलं तेच वाक्य घ्या. नेरुळमध्ये मल्याळी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे ‘आईने कैरी चिरली’ हे ‘अम्मा मांङ्ङा मुरिच्चु’ होतं. आई, कैरी, चिरली. क्रम आपलाच. पण ‘मुरिच्चु’ हे रूप कैरी असो वा कांदा, बदलत नाही, आणि ‘अम्मा’ला ‘ने’सारखं काही लागत नाही. क्रम सारखा असून तो टेकलेला आहे वेगळ्या खांबांवर.

ऐकणं, आणि माझी एक चूक

सुरुवातीच्या काळात मी दिवाळे गावातल्या एका कोळी मावशींकडे गेले होते. त्यांच्या बोलीतला शब्दक्रम टिपायचा होता. मी प्रमाण मराठीत तीसेक वाक्यं लिहून नेली आणि त्यांना म्हटलं, ‘मावशी, हे तुमच्या बोलीत सांगा.’ त्यांनी मन लावून सांगितली. तिसाच्या तिसाही वाक्यांत क्रियापद शेवटी. मी खूश. सामान आवरत होते तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मावशी त्या बाईला म्हणाल्या, ‘आणली का पिशवी?’ मग ‘घे दोन वाटे’, मग ‘दिली ना तुला परवा कोलबी’. क्रियापद आधी, नाम मागून. एका मिनिटात तीनदा. माझ्या तीस वाक्यांत मी मावशींची बोली नोंदवलीच नव्हती, माझाच क्रम त्यांच्या तोंडून परत ऐकला होता.

त्या दिवसापासून मी भाषांतर करून घेणं शेवटच्या पायरीवर ठेवलं आहे. आधी चित्रं किंवा घडलेली गोष्ट. मुलांच्या पुस्तकातली पाच-सहा चित्रं समोर ठेवा आणि ‘काय चाललंय ते सांगा’ म्हणा. किंवा लग्नातली, पुरातली, गावच्या जत्रेतली एखादी आठवण विचारा आणि मधे बोलू नका. परवानगी आधी घ्या, फोन समोर दिसेल असा ठेवा, आणि मुद्रण ऐकवून दाखवा, लोकांना ते आवडतं. मावशींच्या त्या वाक्यांचा अर्थही मग लागतो : पिशवी, वाटे, कोलबी दोघींच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून ती नामं मागे गेली. नवी नव्हती, नुसती आठवण करून द्यायची होती.

अशा दहा मिनिटांच्या बोलण्यात करणारा आणि वस्तू दोन्ही नामांनी सांगितलेली वाक्यं मोजायला बसाल तेव्हा ती फारच थोडी निघतील. तुमचं काही चुकलेलं नाही. जॉन डु बॉय यांनी १९८७मध्ये ग्वाटेमालातल्या साकापुल्तेक या माया कुळातल्या भाषेतल्या गोष्टी तपासून हेच दाखवलं. माणसं एका वाक्यात सहसा एकच नाम पूर्ण उच्चारतात, बाकीचं सर्वनामावर, क्रियापदाच्या रूपावर किंवा नुसत्या समजुतीवर सोडतात. म्हणून थोड्या वाक्यांवरून टक्केवारी मांडायची घाई करू नका.

‘नाही’ कुठे बसतं?

आता क्रियापदाची जागा सोडून इतर जागा बघायच्या. नामाला शब्दयोगी अव्यय आधी की नंतर (‘टेबलावर’, ‘घराजवळ’), षष्ठी आधी की नंतर (‘आजीची कैरी’), साहाय्यक क्रियापद कुठे (‘जात आहे’), तुलना कशी (‘कैरीपेक्षा चिंच आंबट’). मराठीत हे सगळं एकाच दिशेचं आहे, रचना ठरवणारा शब्द (‘वर’, ‘कैरी’, ‘आहे’, ‘आंबट’) नंतर, त्याला जोडलेला आधी. हा भाग पटकन होतो.

रेंगाळायचं ते ‘नाही’पाशी. मराठीत ‘तो येत नाही’, हिंदीत ‘वह नहीं आता’. दोन्ही क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या, दोन्ही एकाच कुळातल्या, पण नकार एकीत क्रियापदाच्या मागे आणि दुसरीत पुढे. मल्याळममध्ये ‘वरुन्निल्ला’, म्हणजे ‘येत-नाही’. नकार मागेच चिकटलेला. कन्नड आणि तमिळमध्येही तो क्रियापदाच्या मागेच येतो. म्हणजे या बाबतीत मराठी दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांशी जुळते. ऐरोली-घणसोलीत लहानाची मोठी झालेली मुलं दिवसभर दोन्ही भाषा बोलतात, आणि ‘मी नाही येत’ असंही म्हणतात. तो हिंदीचा परिणाम आहे की मराठीतलाच जुना, भर देण्याचा क्रम? दहा माणसांकडून, वेगवेगळ्या वयांच्या, ‘नाही’ची वाक्यं गोळा करा आणि प्रत्येकासमोर आधीचा प्रश्न लिहा. नवशिक्याने हाती घ्यावा इतका लहान आणि तरीही खराखुरा असा हा संशोधनाचा विषय आहे.

तसंच दुसऱ्याचं म्हणणं सांगताना. ‘आई म्हणाली की पाऊस येईल’ आणि ‘पाऊस येईल असं आई म्हणाली’. पहिल्यात गौण वाक्य क्रियापदाच्या मागे, दुसऱ्यात आधी. मल्याळी शेजारी म्हणेल ‘मळा वरुम एन्नु अम्मा परञ्ञु’, ‘पाऊस येईल असं आई म्हणाली’च्या शब्दाला शब्द लावून. हिंदीत नेहमीची ‘कि’ची रचना. मराठीला दोन्ही दारं उघडी आहेत.

जगाचा नकाशा

एवढं हाताशी आल्यावर जगाकडे वळा. या अभ्यासाला आजचं रूप आलं ते जोसेफ ग्रीनबर्ग यांच्यामुळे. १९६१मध्ये न्यूयॉर्कजवळ डॉब्स फेरीला झालेल्या परिषदेत त्यांनी मांडणी केली आणि १९६३मध्ये ती छापून आली. फक्त ३० भाषा आणि त्यांतून काढलेले ४५ सर्वसामान्य नियम. त्या तिसांत हिंदी होती, कन्नड होती. मधली मराठी नव्हती. त्यांचा पहिला नियम सांगतो, की करणारा आणि वस्तू दोन्ही नामं असतील तर जवळपास सगळीकडे करणारा आधी येतो. चौथा सांगतो, की क्रियापद शेवटी असणाऱ्या भाषांत अव्यय बहुतांशी नामाच्या मागे येतं.

आज तुम्ही फोनवर ‘वर्ल्ड ॲटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ हा जगातल्या भाषांच्या रचनांचा नकाशासंग्रह उघडू शकता, जे २००५मध्ये छापील निघालं आणि पुढे जाळ्यावर मोफत खुलं झालं. त्यात ड्रायर यांनी १,३७६ भाषांचा क्रम नोंदवला आहे. ५६४ भाषा आपल्यासारख्या कर्ता-कर्म-क्रिया, ४८८ इंग्रजीसारख्या कर्ता-क्रिया-कर्म, ९५ भाषांत क्रियापद सर्वांत आधी आणि मग कर्ता (वेल्श, आयरिश), २५ भाषांत क्रिया-कर्म-कर्ता (मालागासी). कर्म सर्वांत आधी ठेवणाऱ्या अगदी थोड्या : कर्म-क्रिया-कर्ता ११ आणि कर्म-कर्ता-क्रिया ४. उरलेल्या १८९ भाषांत कुठलाच एक क्रम वरचढ नाही. हा शेवटचा आकडा नवशिके नेहमी विसरतात. कर्म आधी ठेवणारी भाषा असूच शकत नाही असं एकेकाळी वाटत होतं. ब्राझीलमधल्या हिश्कार्याना भाषेवर डेस्मंड डर्बीशायर यांनी १९७७मध्ये लिहिलं आणि ते मत सोडावं लागलं.

अव्ययाचा नियम मात्र अजून टिकून आहे. कर्म आधी आणि क्रियापद नंतर असलेल्या भाषांत अव्यय नामामागे ठेवणाऱ्या ४७२, आणि पुढे ठेवणाऱ्या फक्त १४. त्या १४ मध्ये फारसी आहे. ‘दर खाने’, म्हणजे ‘घरात’. ‘दर’ आधी, घर नंतर.

कुळं मोजा, भाषा नाही

इथे सर्वांत मोठी चूक होते. मराठी, हिंदी, गुजराती, कोकणी या चार भाषांत क्रियापद शेवटी येतं म्हणून चार स्वतंत्र पुरावे मिळाले, असं नाही. एका घरातल्या चार भावंडांचं नाक सारखं आहे म्हणून आपण चार वेगळे पुरावे धरत नाही. ड्रायर यांनी म्हणूनच भाषांऐवजी जवळच्या नात्याचे गट मोजले आणि तेही जगाच्या प्रत्येक मोठ्या भूभागात वेगळे. मायकेल डन आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये चार मोठ्या कुळांचे वंशवृक्ष घेऊन आणखी पुढचा दावा केला, की कुठले क्रम जोडीने बदलतात हे कुळागणिक वेगळं असतं. त्यावर वाद अजून चालू आहे. दोन्ही बाजू वाचा, माझं मन ड्रायर यांच्याकडे झुकतं.

नात्याशिवाय शेजारही मोजावा लागतो. मेळघाटातली कोरकू, मेघालयातली खासी आणि कार निकोबारची निकोबारी या एकाच ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या. कोरकूत क्रियापद शेवटी, खासीत मधे, निकोबारीत सुरुवातीला. कोरकू आपल्या दूरच्या बहिणींपेक्षा मराठी-हिंदीसारखी दिसते. मरे एमेनो यांनी १९५६मध्ये भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं म्हटलं ते अशाच गोष्टींमुळे. नात्यात नसलेल्या भाषा शतकानुशतकं एका बाजारात, एका पाणवठ्यावर बोलल्या गेल्या की रचना सारख्या होत जातात. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात एक सकाळ उभे राहा, एमेनो काय म्हणतात ते ऐकू येईल.

मग ‘का’चा प्रश्न. सध्या तरी सर्वांत भक्कम उत्तर कानाच्या आणि स्मरणाच्या सोयीचं आहे. जॉन हॉकिन्स यांचं म्हणणं, की एकमेकांशी बांधलेले शब्द जवळजवळ राहतील असा क्रम भाषा पसंत करते. मराठीत करून बघा : ‘आजीने शेजारच्या काकूंनी काल गावाहून आणलेली कैरी चिरली’ हे ऐकायला अवघड जातं. ‘शेजारच्या काकूंनी काल गावाहून आणलेली कैरी आजीने चिरली’ लगेच कळतं. लांबलचक कर्म उचलून आपण पुढे ठेवलं. हिरोको यामाशिता आणि फ्रँकलिन चँग यांनी २००१मध्ये जपानी बोलणाऱ्यांतही ‘लांब आधी, आखूड नंतर’ हीच ओढ दाखवली. इंग्रजीत बरोबर उलटं होतं, लांब तुकडा शेवटी ढकलतात.

कुठे जायचं, काय वाचायचं

जुने नमुने हवे असतील तर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा आहे. त्यात किनाऱ्यावरच्या बोलींचेही नमुने आहेत. मात्र लक्षात ठेवा, ग्रिअर्सन यांनी प्रत्येक बोलीत बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट भाषांतरित करून घेतली होती. म्हणजे माझ्या तीस वाक्यांचा धोका तिथेही आहे. त्याच बोलीतली लोककथा किंवा जबानी शेजारी छापली असेल तर आधी ती वाचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्री जाळ्यावर आहे. व्याकरणासाठी मोरो केशव दामले यांचा १९११चा ग्रंथ अजूनही पहिला. ठाण्यात १८९३पासून चालणारं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे बसून जुनी व्याकरणं चाळावीत. दादोबा पांडुरंगांच्या १८३६च्या व्याकरणापासून सुरू केलंत तर वाक्याकडे बघण्याची मराठी नजर कशी घडत गेली तेही दिसेल. मुंबई विद्यापीठात कलिनाला भाषाशास्त्राचा विभाग आहे, हार्बरने कुर्ल्याला उतरलं की पोचता येतं.

पहिल्या रविवारी एवढंच करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आणि सर्वांत लहान बोलत्या मुलाला एकच चित्र दाखवा, ‘काय झालं?’ विचारा, आणि त्यांचं पहिलं वाक्य जसंच्या तसं, तारीख घालून, तीन ओळींत वहीत उतरवा.